कवळीचा आवाज

लोक गाणी ऐकायला हेडफोन लावतात. मी लावते चुका ऐकायला. ते करून करून कान इतके सरावलेत की दुपारी कुकरची शिट्टी झाली तरी मी मनातल्या मनात तिची वेळ टिपून ठेवते.

निपाणीच्या शाळेत मी चोवीस वर्षं मराठी शिकवलं. मग ह्यांच्या नोकरीपायी बेंगळुरूला आले. हे गेले, आणि मी बसवनगुडीच्या दोन खोल्यांत राहिले. ह्यांनी एस.पी. रोडवरून सुटे भाग आणून जोडून घेतलेला कॉम्प्युटरही राहिला. त्याच्यावरच माझं काम चालतं. मारतहळ्ळीला एक कंपनी आहे, ती ऐकायची पुस्तकं तयार करते. स्टुडिओत कोणीतरी पुस्तक वाचतं, ती फाइल माझ्याकडे येते. मी समोर मजकूर उघडून ऐकते आणि इंग्रजीत अहवाल लिहिते. चौथ्या मिनिटाला शब्द गाळला, नवव्या मिनिटाला खुर्ची करकरली, अकराव्या मिनिटाला वाचणाऱ्याचं पोट वाजलं. वाचणाऱ्याला माझं नाव कळू द्यायचं नाही अशी तिथली रीत आहे. अहवालावर नुसतं 'क्यूसी' असतं, म्हणजे तपासनीस. शिव्या कोणाला घालायच्या ते त्याला कळू नये, एवढाच त्यातला हेतू असावा.

कामं वाटून देणारी श्यामला तमिळ आहे. तिला मराठीचं अक्षर येत नाही. म्हणून मी म्हणेन ती पूर्व दिशा. मीटिंगमध्ये ती हिंदीत सांगते, "सुचेता अक्का का कान फायनल है." हे वाक्य मला आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं. या वयात एखादी बाई कशात तरी फायनल असावी, हे काय कमी आहे?

सहा महिन्यांपूर्वी एका लांबलचक कादंबरीचं काम आलं. बेचाळीस प्रकरणं. वाचणारे योगीराज हुक्केरी, वय एकाहत्तर, राहायला येलहंक्याला. पूर्वी सीमाभागातल्या नाटक मंडळ्यांत कामं करायचे, मग मुलाबरोबर इकडे आले. पहिलं प्रकरण लावलं आणि दहा मिनिटं मी काही लिहिलंच नाही. हा माणूस थांबायचा. परिच्छेद संपला की थांबायचा, चांगला तीन-चार सेकंद, आणि त्या थांबण्यात आधीचं वाक्य आपल्या आत उतरायचं. आजकालची पोरं वाचतात ती पाठीमागे कुत्रं लागल्यागत. हे मास्तर मात्र आपल्या चालीनं चाललेले. मी मनातल्या मनात त्यांना मास्तर म्हणायला लागले होते.

आणि मग तो आवाज आला. टिक्. परिच्छेद संपला, मास्तर थांबले, आणि टिक्. पुढच्या परिच्छेदाच्या शेवटी परत टिक्.

मला ओळखायला क्षणसुद्धा लागला नाही. माझ्या अप्पांना कवळी होती. बोलणं संपवून त्यांनी तोंड मिटलं की वरचे दात खालच्यांवर बसायचे आणि असाच बारीक आवाज यायचा. लहानपणी मी त्यावरूनच ओळखायची की अप्पांचं बोलणं झालं, आता आपण बोलायला हरकत नाही. तेव्हा मी अहवालात लिहिलं, 'एकेचाळीस ठिकाणी टिक् असा आवाज. वाचकाची कवळी सैल असावी.' आणि सगळ्या एकेचाळीस वेळा खाली उतरवून दिल्या.

स्टुडिओतला रेकॉर्डिस्ट मंजुनाथ याने उलट लिहिलं की मला तर काहीच ऐकू येत नाही. मी त्याला उत्तर धाडलं, 'तर मग आधी कान तपासून घ्या.' श्यामलाने त्यावर हसरा चेहरा टाकला. विषय तिथेच संपला.

तेच प्रकरण मास्तरांनी परत वाचलं. परत टिक्. पक्कं करायला मी मागे जाऊन ऐकायची, तर आवाज कधी यायचा, कधी नाही. पण पहिल्यांदा ऐकलं ते खरं, अशी माझी समजूत. शाळेत पेपर तपासताना मी एकदा दिलेला मार्क कधी बदलला नाही. नऊ प्रकरणं झाली, अकरा अहवाल झाले. मध्येच श्यामलाने फोनवर हसत सांगितलं, "अक्का, आपके लिए उस बुड्ढे ने नए दाँत बनवा लिए." मलाही हसू आलं. म्हटलं, बरं झालं, आता सुटलो. पण नव्या दातांनीही टिक् आलंच. शिवाय मास्तर हल्ली घाईने वाचायला लागले होते. थांबणं कमी झालं होतं. मी तेही लिहिलं, 'वाचन घाईत.'

शेवटी शुक्रवारी श्यामलाने नववं प्रकरण तिसऱ्यांदा पाठवलं. खाली लिहिलं होतं, 'ही शेवटची संधी. सोमवारी सकाळी तुमचा अहवाल. क्लीन असेल तर पुढे जाऊ, नाहीतर पुस्तक दुसऱ्याला देऊ.' म्हणजे मास्तरांचं पुस्तक राहणार की जाणार, हे माझ्या एका पानावर होतं. मला असली पानं लिहायचा कंटाळा आला होता. पण लिहायला दुसरं कोण होतं?

रविवारी सकाळी मी ते ऐकायला बसले. पहिल्याच वाक्याला कळलं. मास्तर कवळी काढून वाचत होते. स आणि श विरघळलेले, त आणि थ यांत फरक उरलेला नाही, ओठ आत गेलेले नुसत्या आवाजावरून दिसत होते. एकेकाळी नाटकात गाजलेला गळा, आणि तो असा बोळक्या तोंडाने कादंबरी वाचतोय. तरी मी आपली लिहीत गेले. उच्चार अस्पष्ट, उच्चार अस्पष्ट. आणि मधूनमधून, ते जिथे चुकून थांबले तिथे, टिक्. माझं डोकं उठलं. दात काढले तरी वाजतंय म्हणजे काय? म्हटलं, हिरड्या असतील, जीभ असेल, म्हाताऱ्याचा जबडाच वाजत असेल. तेवीस वेळा लिहून काढल्या.

प्रकरण संपलं आणि फाइल मात्र संपली नाही. मास्तरांचा आवाज परत आला, आता वाचायचा नाही, बोलायचा.

"हे ऐकणारं कोण हाय मला ठावं न्हाई. बाई हाईत म्हणं. अक्का, दात काढून वाचलोय बघा. आता तरी वाजंना झालंय न्हवं?"

ते थांबले, मी उत्तर देणार असल्यासारखे. फाइल थांबवायला मी माऊसकडे हात नेला, आणि टिक्.

मंजुनाथने ते बोलणं कापायला हवं होतं. कापलं नव्हतं, मुद्दामच. माझा हात तसाच माऊसवर राहिला, आणि एवढं ऐकूनही मला काही कळलं नाही. एवढंच वाटलं, की हे आता संपू दे.

दुपारी मल्हार जेवायला आला. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, पुण्याचा, मारतहळ्ळीला नोकरी करतो. महिन्यातून एकदा दीड तास धक्के खात माझ्या हातची आमटी खायला येतो. आवाज हे त्याचं वेड. हेडफोन या विषयावर तो पाऊण तास बोलू शकतो आणि आपण नुसतं हूं म्हणायचं. त्या दिवशी त्याने काडेपेटीपेक्षा थोडी मोठी एक काळी डबी आणली होती.

"मावशी, मी नवीन डॅक घेतला. हा जुना तुला."

"डॅक म्हणजे काय रे बाबा?"

"बाहेरचं साउंड कार्ड समज. तू दिवसभर ऐकतेस ना, मग जरा बरं ऐक." त्याने माझा हेडफोन उचलून एक कान लावला आणि तोंड वाकडं केलं. "हे काय? तू पुढच्या जॅकमध्ये लावतेस? कॅबिनेटच्या पुढच्या?"

"पाठीमागे हात पोचत नाही माझा. गुडघे धरतात."

"अगं, तो जॅक म्हणजे सगळा कचरा. बोर्डापासून पुढेपर्यंत एक बारीक वायर येते, पंख्याच्या, डिस्कच्या अंगावरून. आतली सगळी कुरकुर तिच्यात घुसते. आणि हा ॲसेम्बल्ड डबा किती वर्षांचा आहे?"

मी म्हटलं, मला तुझी व्याख्यानं नकोत, आमटी निवतेय. पण त्याने डबीची वायर यूएसबीत घातली, हेडफोन डबीत लावला, सेटिंगमध्ये शिरून आवाज 'सुधारणारे' कसले कसले चौकोन बंद केले आणि हेडफोन माझ्या डोक्यावर ठेवला. नववं प्रकरण उघडंच होतं. मी सुरू केलं.

आधी वाटलं, बंदच पडलं. इतकं शांत. इतक्या वर्षांत माझ्या कानात कायम एक बारीक सूं होतं हे मला ते गेल्यावर कळलं. मग मास्तर बोलले, एकदम शेजारी, खुर्ची ओढून बसल्यासारखे. श्वास घेतलेला ऐकू आला. ओठ ओले केलेले ऐकू आले.

सवयीने मी अहवाल काढला. चार मिनिटं बारा सेकंद, टिक्. ऐकलं. नाही. सात मिनिटं चाळीस. नाही. मी तेवीसच्या तेवीस जागा काढून पाहिल्या. एकही नाही.

"तुझी डबी बारीक आवाज गिळते," मी म्हटलं. मला राग आला होता.

"डबी काही गिळत नाही गं. उलट जे आहे ते सगळं देते. कसला आवाज?"

मी सांगितलं. तो ऐकत ऐकत पापड खात होता. मग त्याने हात पुसले, हेडफोन परत पुढच्या जॅकमध्ये लावला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. कोणतीही फाइल चालू नव्हती. त्याने माऊसचं चाक बोटाने एक घर फिरवलं.

टिक्.

परत फिरवलं. टिक्.

"हे ना?" तो म्हणाला. "माऊस आहे मावशी. चाक फिरवलं की करंट हलतो, तो ह्या वायरीत ऐकू येतो. जुन्या मशीनला होतं असं. गाण्यात कळत नाही. एकदम शांतता असली तरच कळतं."

मी खुर्चीत मागे टेकले. परिच्छेद संपला की मी काय करते? मजकूर पुढे सरकवते. बोटाने. चाक फिरवून. बाकीची पोरं परिच्छेद संपल्यावर थांबतच नाहीत, त्यामुळे माझी टिक् त्यांच्या पुढच्या शब्दाखाली दडपून जाते. मास्तर थांबायचे. त्या थांबण्यात माझं बोट वाजायचं. त्यांची चूक एवढीच की त्यांना थांबता येत होतं.

आणि मी त्यांचे दात काढायला लावले.

मला तिथेच रडू आलं. मल्हार घाबरला, पाणी घेऊन आला. सगळं कळल्यावर म्हणाला, "मावशी, एवढं काय त्यात? कोणाला कळणार आहे? उद्याच्या रिपोर्टमध्ये क्लीन लिही. त्या काकांना बुक मिळेल, विषय खतम."

ते सोपं होतं, मी नाही म्हणत नाही. दोन ओळींचं काम. पण क्लीन लिहिलं तर क्लीन काय होणार? ते बोळक्या तोंडाचं प्रकरण. पुढची तेहेतीस प्रकरणंही मास्तर तसेच वाचणार, दात खिशात ठेवून, दात वाजतात म्हणून. आणि जन्मभर तसंच समजून राहणार. दुसरीकडे खरं सांगितलं तर माझे अकराही अहवाल खोटे ठरणार. मग लोक विचारतील, बाकीच्या चार वर्षांच्या कामाचं काय? बरोबरच विचारतील. माझ्याकडे या कानांशिवाय दुसरं काही नव्हतं. आणि त्या मंजुनाथला मी कान तपासून घ्यायला सांगितलं होतं.

मी कुठलीच फाइल पुसत नाही, ही माझी एक चांगली खोड. पहिल्या प्रकरणाचं पहिलं वाचन शोधून काढलं, डबीतून लावलं, आणि माऊस लांब सरकवून दोन्ही हात मांडीवर ठेवले. परिच्छेद संपला. मास्तर थांबले. मी कान टवकारले. त्या चार सेकंदांत काही नव्हतं, नुसता एका माणसाचा श्वास होता, वाक्य संपवून पुढच्याकडे बघणाऱ्या माणसाचा. जुनी कवळी, सैल म्हणून मी जिची नालस्ती केली ती, एकदासुद्धा वाजली नव्हती.

मल्हारला म्हटलं, तू जेवून घे. आणि श्यामलाला फोन लावला.

रविवार असूनही तिने ऐकून घेतलं. मी एकदा सांगितलं, तिला नीट कळलं नाही, म्हणून परत सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त जड गेलं.

"मतलब अक्का, ग्यारह के ग्यारह गलत?"

"टिक् का सब गलत."

"मंजुनाथ बोला था."

"हाँ. बोला था. उससे माफी मैं माँगूँगी."

तिने उसासा टाकला. ती वाईट मुलगी नाही. म्हणाली, पहिली सगळी वाचनं मंजुनाथ काढून देईल, पहिली आठ प्रकरणं तीच घेऊ, नवव्यापासून पुढे मास्तर कवळी घालून वाचतील. माझ्याबद्दल म्हणाली, आता काही दिवस तुमच्यामागून आणखी कोणीतरी ऐकेल. मी म्हटलं, सरी, बरं आहे. कान फायनल असणं तिथेच संपलं, आणि मला वाटलं होतं त्याहून कमी दुखलं. खरं तर थोडं हलकंच वाटलं. मग मी रीत मोडून मास्तरांचा नंबर मागितला. तिने आढेवेढे घेतले आणि दिला.

फोन त्यांनीच उचलला. दात घातलेले होते, शब्द स्वच्छ येत होते.

"कोण बोलायलंय?"

"मी सुचेता. तुमचं पुस्तक ऐकणारी. ती क्यूसी."

"अक्का होय! अजून वाजायलंय काय?"

"नाही मास्तर. कधीच वाजत नव्हतं. माझा कॉम्प्युटर वाजत होता. माझंच बोट वाजत होतं." मी सगळं सांगितलं, मध्ये न थांबता, थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं. "माझं चुकलं. फार चुकलं."

ते हसले. मला ओरडले असते तर बरं झालं असतं.

"म्हंजे जुने दात बरे हुते म्हणा की. नवं बोचायलंय हो मला. जुने टाकून दिलो न्हवं."

मी म्हटलं, तुमचं पहिलं वाचन मी आज परत ऐकलं, असं वाचणारं मी दुसरं कोणी ऐकलं नाही, आता पुढचं तसंच वाचा, पहिल्यासारखं, थांबत थांबत.

"वाचतो की. आता वाचून दावू काय? पुस्तक हितंच हाय."

"वाचा. मी ऐकते."

पानं चाळल्याचा आवाज आला. मग त्यांनी घसा खाकरला आणि सुरुवात केली. दहावं प्रकरण. एका माणसाला पत्र येतं, तो ते दोनदा वाचतो. आवाज तोच होता, पहिल्या दिवसाचा, भरदार, स आणि श आपापल्या जागी. डोळे मिटून मी ऐकत राहिले. त्या माणसाने पत्राची घडी घातली, खिशात ठेवली, आणि घरी कोणी विचारलं तर काय सांगायचं ते ठरवायला तो विसरला. परिच्छेद संपला.

मी वाट पाहिली. माझे दोन्ही हात मांडीवर होते.

मास्तर थांबले नाहीत. शेवटच्या शब्दाला पुढचा शब्द जोडून ते धावत पुढच्या परिच्छेदात गेले, तिथून त्याच्या पुढच्या. पान संपल्यावर त्यांनी धापा टाकत विचारलं, "बरं झालं न्हवं, अक्का? कुठं वाजू दिलो न्हाई बघा."